लायसन्स मिळून एकोणीस दिवस

डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली आणि पेनाच्या टोकानं एक पांढरा डाग दाखवला. भिंगासारखा फुगीर, कवटीला आतून चिकटलेला.

"याला एक्स्ट्राड्युरल हेमॅटोमा म्हणतात. कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठलंय. त्यानं मेंदू दाबला जातोय. लगेच ऑपरेशन करायला हवं."

दुपारचे दोन वाजले असतील. पुण्यातल्या त्या दवाखान्यात आई बाहेर बाकावर बसली होती. आत माझे वडील, आण्णा, आणि मी.

"हेल्मेट होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हवतं, साहेब."

"गाडी कधीपासून चालवतोय?"

"लायसन मिळून एकोणीस दिवस झालं," आण्णा म्हणाले. "पर पोरगं लय जपून चालवतंय, साहेब. ट्रॅक्टरवाल्यानंच कट मारला."

मी आण्णांच्या मागे उभी होते. पोरगं जपून चालवत नव्हतं आणि ट्रॅक्टरवाल्यानं कट मारला नव्हता, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ऑपरेशनच्या संमतीचा कागद आण्णांनी माझ्यापुढं सरकवला आणि सही मी केली.

माझा भाऊ सिद्धार्थ, आमचा सिद्धू, तेव्हा अठरा वर्षांचा होता. मी एकवीस. आजारपणाच्या हकिकतीत घरच्यांची सेवा, काळजी, देवासारखे डॉक्टर असं सगळं येतं. ते माझ्याही हकिकतीत आहे. पण माझ्या मनात त्या दिवसांत आणखी एक गोष्ट होती, आणि ती लिहायची नसेल तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी माझ्या भावावर जळत होते.

आम्ही खुटबावचे. आण्णा दौंडला रेल्वेत नोकरीला होते, सकाळच्या शटलनं जायचे, संध्याकाळी यायचे. गाडी चालवायला मी सिद्धूच्या आधी शिकले. माझी आत्या भीमेपलीकडं वडगाव रासाईला दिलेली. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणतो. सुट्टीत त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर मी क्लच, गिअर शिकले. नदीकाठच्या कच्च्या रस्त्यावर मागे मामा बसायचे आणि म्हणायचे, "सुजाता, तुझा हात लय मऊ हाय गाडीवर."

दौंडला लायसन्सचा कॅम्प भरायचा. आम्ही दोघं एकाच दिवशी गेलो. गिअरच्या गाडीच्या रांगेत मी एकटीच मुलगी. मी आठचा आकडा पहिल्या झटक्यात काढला. सिद्धूचा पाय टेकला, साहेबांनी पुन्हा काढायला लावला, मग तो पास झाला.

आठवड्यात घरासमोर नवी कोरी मोटरसायकल आली. सिद्धूची. त्याचं आयटीआय झालं होतं आणि कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात तो ट्रेनी म्हणून लागला होता. मी बी.ए. झाले होते. त्याच भागातल्या दुसऱ्या कारखान्यात ऑफिसातली जागा मलाही मिळत होती. आण्णा म्हणाले, "रोज तेवढं लांब एकलीनं कशी जाशील?" मी म्हटलं, गाडीवर. ते हसले. रागानं नाही, मायेनं हसले, म्हणून जास्त लागलं.

आईनं गाडीला हार घातला. सिद्धूनं मला मागं बसवून गावातून चक्कर मारली. चालवायला काही दिली नाही. "ताई, नवीन हाय, इंजिन बसू दे," म्हणाला. मी पाठीमागे बसून त्याच्या मानेकडं बघत होते. मला ती गाडी हवी होती, ती नोकरी हवी होती. आई त्याला दारापर्यंत सोडायला जायची, तसं कुणीतरी मलाही सोडायला यायला हवं होतं.

आठ-दहा दिवसांनी मी केडगावहून एसटीनं येत होते. वळणावर मागून कर्कश हॉर्न वाजला. खिडकीतून पाहिलं तर सिद्धू. मागं त्याचा कारखान्यातला मित्र, फूटरेस्टवर उभा. पुढचं काही दिसत नसताना त्यानं एसटीला ओव्हरटेक केलं, आणि पुढं गेल्यावर दोन्ही हात हँडलवरून सोडून आडवे पसरले. ड्रायव्हरनं शिवी हासडली. शेजारची बाई म्हणाली, "कुणाचं गं हे पोर? मरायचं एखाद्या दिवशी."

मी 'माझा भाऊ' म्हणाले नाही. घरी गेल्यावर आण्णांनाही काही सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, हे मी त्यानंतर अनेकदा स्वतःला विचारलं. भावाला पाठीशी घातलं असं म्हणता आलं असतं. पण ते खरं नाही. मला वाटत होतं, पडू दे. जरासा पडू दे, गुडघे खरचटू देत, गाडीचा आरसा फुटू दे. म्हणजे आण्णांना कळेल की गाडी कुणाच्या हातात द्यायला हवी होती.

त्या सकाळी सात वाजता खबर आली. गावापासून तीन-चार किलोमीटरवर, उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करताना समोरून जीप आली. सिद्धूनं गाडी खाली घातली आणि त्याचं डोकं मोरीच्या कठड्यावर आपटलं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर सोपान म्हणून चाळिशीचा माणूस होता, योगायोगानं आत्याच्याच गावचा, वडगाव रासाईचा. भरल्या ट्रॉल्या रस्त्याकडेला सोडून त्यानं तीच जीप थांबवली, सिद्धूचं डोकं मांडीवर घेतलं आणि केडगावच्या दवाखान्यात आणलं.

आण्णा तोवर शटलनं गेले होते. आई आणि मी पोचलो तेव्हा सिद्धू शुद्धीत होता. हसत होता! "काय न्हाई झालं, उगा रडू नको," आईला म्हणत होता. कानामागं सूज, कोपर सोललेलं, एवढंच. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, "डोक्याला मार आहे. लक्ष ठेवा. उलटी झाली, झोप यायला लागली, असंबद्ध बोलला तर लगेच सांगा."

आई त्याला चमच्यानं पाणी पाजत होती, केसांतून हात फिरवत होती. थोड्या वेळानं ती आण्णांना निरोप द्यायला एसटीडी बूथवर गेली आणि मला त्याच्यापाशी बसवलं. ती गेल्यावर सिद्धू हळूच म्हणाला, "ताई, आण्णांना सांगू नको. दोस्तासंगं रेस लावली व्हती. त्या ट्रॅक्टरवाल्यानं हात दाखवून थांब म्हणलं व्हतं, म्या न्हाई थांबलो."

मी म्हटलं, "बरं."

मग त्यानं विचारलं, "गाडी कुठाय?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी परत, "गाडी कुठाय?" पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला वीट आला. एवढं होऊनही याला गाडीचीच पडलीय, आणि सगळ्यांनी याच्याचभोवती फिरायचं. मी उत्तर दिलं नाही. त्यानं डोळे मिटले. झोपतोय तर झोपू दे म्हटलं.

साधारण अर्ध्या तासानं त्याला जोरात उलटी झाली. तेव्हा मी नर्सला हाक मारली. डॉक्टरांनी टॉर्च मारून डोळे पाहिले. उजव्या डोळ्याची बाहुली डाव्यापेक्षा मोठी झाली होती. त्यांनी लगेच गाडीची सोय करून आम्हाला पुण्याला पाठवलं.

नंतर पुण्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की याला ल्युसिड इंटरव्हल म्हणतात. मार लागल्यावर माणूस काही काळ अगदी बरा वाटतो, बोलतो, हसतो, आणि आत रक्त साठत असतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. बोलतोय म्हणून निर्धास्त होऊ नका. तेच तेच विचारत असेल तर चिडू नका, उठून डॉक्टरांना सांगा. त्या अर्ध्या तासानं किती बिघडलं, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. धीर झाला नाही.

क्रेनिऑटॉमी झाली, म्हणजे कवटीचा तुकडा कापून आतलं रक्त काढलं आणि तुकडा परत बसवला. मग आयसीयू. व्हेंटिलेटर, म्हणजे श्वास देणारं मशीन. आम्हाला दिवसातून दोनदा, एकेकाला, पाच मिनिटं आत सोडायचे. बाकीचा वेळ बाहेरच्या हॉलमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

गावाकडून माणसं येत होती. प्रत्येक जण म्हणायचा, सिद्धूसारखं पोरगं न्हाई, किती गुणाचं, किती मनमिळाऊ. आई एका बाईला म्हणाली, "मला एकच हाय वो." मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. तिचा डबा माझ्या मांडीवर होता.

मी उठून जिन्यात गेले आणि रडले. लोकांना वाटलं, भावासाठी रडतेय. नळ्या लावून निपचित पडलेल्या भावाचा मला त्या जिन्यात हेवा वाटत होता. मी तिथं पडले असते तर आई असं म्हणाली असती का, एवढंच डोक्यात येत होतं. स्वतःची शिसारी आली, तरी ते थांबेना.

चौथ्या दिवशी नळी काढली. पाचव्या दिवशी माझी आत जायची पाळी होती तेव्हा त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ताई." मी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा आईनं विचारलं, "मला न्हाई हाक मारली?" तिचा चेहरा पाहिला आणि मला पहिल्यांदा वाटलं, ही जळण्याची गोष्ट माझ्या एकटीची नाही.

सहाव्या दिवशी त्याला कन्व्हल्शन आलं. साध्या भाषेत फिट. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. म्हणाले, "गोळ्या बंद होऊन मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. सायकलसुद्धा नाही." आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. सिद्धूला अपघाताचं काहीच आठवत नव्हतं, त्या सकाळचा चहासुद्धा नाही, केडगावला मला सांगितलेलंही नाही. याला रेट्रोग्रेड ॲम्नेशिया म्हणतात, मार लागायच्या आधीचा काही काळ आठवणीतून पुसला जातो. "तेवढा तुकडा बहुधा परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

त्याच्याशी रेस लावणारा कारखान्यातला मित्र तर 'मी त्या रस्त्याला नव्हतोच' म्हणत होता. जीपवाला परगावचा, निघून गेलेला. म्हणजे खरं काय ते आता मला आणि सोपानला माहीत होतं. सोपानचं कुणी ऐकत नव्हतं. त्याचा ट्रॅक्टर चौकीत लावून ठेवला होता.

नवव्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला वॉर्डात आले. सिद्धू भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला पांढरी पट्टी. आण्णा सांगत होते आणि हवालदार लिहून घेत होते. "ट्रॅक्टर भरधाव व्हता. पोराला दाबलं. त्याला सोडू नगा, साहेब."

"ट्रॅक्टरची चूक नव्हती," मी म्हटलं.

आण्णा वळले. "तुला काय माहीत?"

"सिद्धूनंच सांगितलं मला, केडगावला. रेस लावली होती. सोपानमामांनी हात दाखवला होता, हा थांबला नाही." आणि मग एसटीचंही सांगितलं. हात सोडल्याचं, मागं उभ्या मित्राचं, सगळं.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. आण्णांचा आवाज एकदम बारीक झाला. "तवाच का न्हाई बोललीस? गाडी काढून घेतली असती म्या."

"मला वाटायचं, तो जरासा पडावा."

वॉर्डात इतर पेशंट होते, त्यांची माणसं होती. सगळे ऐकत होते. आई माझ्याकडं पाहत राहिली आणि मग तिनं तोंड फिरवलं. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझा डबा मात्र रोज बाजूला काढून ठेवायची.

आण्णा खिडकीपाशी जाऊन आले. मग हवालदारांना म्हणाले, "साहेब, ते खोडा. पोरगी सांगती तसं लिव्हा."

संध्याकाळी सिद्धूनं मला जवळ बोलावलं. "तुला म्या पडावं वाटायचं?"

"जरासं."

"किती जरासं?"

"गुडघा फुटण्याइतकं."

तो हसायला लागला आणि टाके दुखले म्हणून कळवळला. "गुडघ्याच्या जागी डोस्कंच फुटलं की गं." मग हसू ओसरलं. "लय बघत व्हतीस गाडीकडं. मला कळायचं. म्हणून तर देत न्हवतो." नर्सनं येऊन बीपी घेतलं.

एकविसाव्या दिवशी घरी सोडलं. घरी आल्यावर आण्णा मला घेऊन वडगाव रासाईला सोपानमामांकडं गेले. ट्रॅक्टर सुटला होता. आण्णांनी हात जोडले. सोपानमामा म्हणाले, "आवं, बसा खाली. पोरगं जेवतंय का आता?" त्यांच्या बायकोनं सांगितलं, की सिद्धूच्या रक्ताचे डाग पडलेला सदरा यांनी पाच दिवस धुऊ दिला नाही, पोरगं वाचल्याची खबर आल्याबिगर नको म्हणाले. ज्या माणसावर आम्ही केस घालणार होतो त्याच्या ओट्यावर आम्ही चहा प्यायलो.

आता बरीच वर्षं झाली. सिद्धूच्या गोळ्या दोन वर्षांनी बंद झाल्या. डाव्या हाताच्या बोटांत किंचित बधिरपणा राहिला, आणि गर्दीत त्याला भोवळ येते. तो कारखान्यात आहे, कंपनीच्या बसनं जातो. मी नोकरी केली, स्वतःच्या गाडीवर केली. आण्णांनी हो म्हणायला वर्ष घेतलं. माझी असूया गेली का? नाही. आईनं त्याच्या ताटात आधी वाढलं की अजून टोचतं. फरक एवढाच की आता मी तिथंच, जेवताना बोलून दाखवते. आई चिडते, सिद्धू हसतो, आणि आम्ही जेवतो.

तुमच्या घरात नवं लायसन्स आलं असेल आणि पोरगं कसं चालवतं हे तुम्ही पाहिलं असेल, तर त्याच दिवशी बोला. राग, हेवा, प्रेम, कशामुळंही बोला, पण बोला.

सिद्धूला ती सकाळ अजून आठवत नाही. वर्षातून एखाद्या वेळी, भाजी निवडत असले किंवा दारात बसले असले, की तो शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, "ताई, सांग की, त्या दिवशी काय झालं?" मी सुरुवातीपासून सांगते. ट्रॅक्टर, मोरी, सोपानमामांची मांडी. केडगावला त्यानं तीनदा विचारलं आणि मी उत्तर दिलं नाही, तेही सांगते. तिथं माझा आवाज दर वेळी अडखळतो.

सिद्धू थांबतो. मला सावरायला वेळ देतो.