मनगटावरची उघाडी

नव्वद सालच्या आसपास मी भाईंदर पूर्वेच्या एका छोट्या हॉस्पिटलात, अतिदक्षता विभागात नर्स होते. चार खाटा, एकच व्हेंटिलेटर, खिडकी एकही नाही. आमचे डॉक्टर कुठल्याशा शिबिरात ॲक्युपंक्चर शिकून आले होते. नातेवाईक सुयांना घाबरायचे, म्हणून त्यांनी आम्हाला ते बिंदू अंगठ्यानं दाबायला शिकवले. एक दोन भुवयांच्या मध्ये, दुसरा मनगटाच्या घडीवर, करंगळीच्या बाजूला. पेशंट शांत होतो, झोपेचं औषध कमी लागतं, असं त्यांचं म्हणणं. मी तोंडावर हो म्हटलं. मनात म्हटलं, आता पाय चेपायचे तेवढे राहिलेत.

तेव्हा व्हेंटिलेटरवर एक म्हातारे आगरी बाबा होते. सगळा जन्म मिठागरात गेलेला, न्यूमोनिया झाला म्हणून आणलेले. दिवसातून दोनदा त्यांना काहीतरी व्हायचं. डोळे मिटलेलेच, पण दोन्ही हात उचलून समोरचं काहीतरी खाली दाबायचे, पुन्हा उचलायचे, पुन्हा दाबायचे. त्या झटापटीत घशातली नळी एकदा निघता निघता राहिली. निघाली असती तर बाबा हाती लागले नसते. झोपेचं इंजेक्शन वाढवलं तर ब्लडप्रेशर कोसळायचं. शेवटी हात पट्टीनं खाटेला बांधले, तरी बोटं चालूच. मी मनगट दाबून पाहिलं. हात जरा सैल पडायचा, सोडला की पुन्हा तेच.

चार्ट भरताना एक दिवस माझं पेन थांबलं. सोमवारी सकाळी दहा. मंगळवारी पावणेअकरा. बुधवारी साडेअकरा होऊन गेलेले. रात्रपाळीच्या नोंदीही तशाच, रोज पाऊण तासानं पुढे सरकलेल्या. औषधं तर ठरल्या वेळेलाच जात होती.

भेटायच्या वेळेला बाबांची बायको आली, तिला विचारलं. तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही.

"पानी भरलं का उठतान ते," ती म्हणाली. "उघाडी लावाला."

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातलं पाण्याचं दार. भरती चढायच्या आत त्यात फळ्या दाबून बसवायच्या, नाहीतर खाडी आत शिरते आणि पिकलेलं मीठ विरघळून जातं. चाळीस वर्षं हे काम बाबांचं. पण त्या बंद खोलीत, एसीच्या घरघरीत, भरती आलेली त्यांना सांगत कोण होतं?

"मंग सांग ना त्यांना, लावली म्हणून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पेपरात भरतीची वेळ पाहिली. दहा मिनिटं आधीच जाऊन बाबांचं मनगट धरलं, घडीवर अंगठा दाबला आणि कानाशी म्हटलं, "बाबा, उघाडी लावली." बोटं थांबली. ब्लडप्रेशर जागच्या जागी. मग मी रात्रपाळीलाही तसंच करायला सांगितलं. इंजेक्शन निम्म्यावर आलं, हातांच्या पट्ट्या सुटल्या आणि आठवड्याभरात नळीही निघाली. डॉक्टर खूश, त्यांच्या बिंदूचा गुण आला म्हणून. असेल. नुसता अंगठा दाबून पाहिला असता, किंवा नुसतं बोलून, तर कळलं असतं. पण विषाची परीक्षा घेणार कोण?

घरी जायच्या दिवशी बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "उघाडी कवाच गेली. मातीची भरणी टाकून बिल्डिंगी झाल्यात तिकडं." तिनं सांगितलेली जागा जेसल पार्कातल्या माझ्या घरामागचीच निघाली. म्हणजे मी रोज धडधडीत खोटं बोलत होते. मला वाईट वाटलं, पण माणूस वाचला होता.

बाबा व्हीलचेअरवर बसले होते. मी वाकून पांघरूण नीट केलं, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. अंगठा बरोबर त्या घडीवर, करंगळीच्या बाजूला. त्यांना तो बिंदू कुणीच दाखवला नव्हता.

"उघाडी कोनी लावली?" घसा बसलेला, पण शब्द स्पष्ट.

"मी लावली, बाबा."

"मंग आता तूच बघत जा," म्हणाले आणि हात सोडला.

तेव्हापासून मी पेपरात भरतीची वेळ पाहत नाही, पाहावी लागत नाही. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना हात आपोआप थांबतात, रोज पाऊण तास उशिरा. मग मी स्वतःचं मनगट दाबून म्हणते, लावली. पण मला माहीत आहे ना, ती लावलेली नाही.