पडद्यामागचं मत

कुवेतच्या आमच्या हॉस्पिटलात पूर्व युरोपातली एक सिस्टर होती. मी एक्स-रे विभागात, ती वॉर्डात. कुणी काहीही सांगितलं की ती आधी "का?" विचारायची, कारण पटलं की मात्र दुप्पट काम करायची. सुपरवायझर तिला टरकून असत.

तिच्या देशातली कम्युनिस्ट राजवट नुकतीच गेली होती. निवडणूक आली तेव्हा मत द्यायला मी तिला गाडीने तिच्या देशाच्या वकिलातीत घेऊन गेलो. मी दारातून बघत होतो. तिथलं बोलणं तिने नंतर सांगितलं.

"मतपत्रिकेवर इथेच, टेबलाशी खूण करा," जुन्या राजवटीपासूनचा अधिकारी म्हणाला.

"पडदा कुठंय?"

"आम्ही काही बघत नाही."

"मग पडदा लावायला हरकत नसावी."

ती खुर्चीवर बसूनच राहिली. मागची रांग आधी कुरकुरली, मग तिच्याच बाजूने बोलू लागली. शेवटी खिडकीचा पडदा काढून कोपऱ्यात बांधावा लागला.

परतताना मी सहज विचारलं, "सिस्टर, मत कुणाला दिलंत?"

"ते मी आईलाही सांगणार नाही," ती म्हणाली. "तिच्या काळी सगळ्यांचं मत सगळ्यांना माहीत असायचं."