पोटदुखीवाल्या काकू

परीक्षा केंद्रात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे. तिथे सगळ्यांची ओळख आजारावरूनच. दमा, अर्धशिशी, छातीत कळ आणि या पोटदुखीवाल्या काकू. मधल्या सुट्टीत दमा सिगारेट ओढायला बाहेर जाई, तर छातीत कळ तीन जिने एका दमात चढून येई. डॉक्टरकीचा परवाना मागणाऱ्या पोरापोरींना तपासायला कोणीतरी हवं, म्हणून पगार घेऊन आजारी पडणारी ही माणसं. काकू अकरा वर्षं आजारी पडत होत्या आणि तब्येतीनं ठणठणीत होत्या, निदान त्यांचा तसा समज होता.

काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. काकूंना एक कागद तोंडपाठ असावा लागे. कालपासून पोट दुखतंय, आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली सरकलं, एकदा उलटी झाली. उजवीकडे खाली दाबून कोणी हात पटकन सोडला, की ‘आई गं’ म्हणून कळवळायचं. बाकी कुठेही दाबलं, तरी ‘नाही’ म्हणायचं. म्हणजे अपेंडिक्स. उमेदवाराला पंधरा मिनिटं मिळत, मग घंटा होई. तो बाहेर गेला, की काकूंनी बावीस चौकटींच्या कागदावर खुणा करायच्या: दार वाजवलं का, स्वतःचं नाव सांगितलं का, हात धुतले का, कुठे कुठे दाबलं, निदान काय केलं. तळाशी एक लाल चौकट होती. उमेदवार परीक्षेबाहेरचं काही बोलला, रडला, गयावया करू लागला, तर तिथे खूण. ती झाली, की वरच्या बाविसांना कोणी विचारत नसे.

बाहेर व्हरांड्यात परवाना देणाऱ्या मंडळाचे नियम लावले होते. लेखी परीक्षेचे दोन भाग, रुग्णालयात एक वर्ष काम आणि शेवटी ही तपासणीची परीक्षा. ही फक्त चार वेळा देता येते. चौथ्यांदा नापास झालेल्याला जन्मात परवाना नाही, मग त्यानं किती का वर्षं पुस्तकांत घातलेली असेनात. काकूंना हे ठाऊक होतं आणि त्यांचं मत ठाम होतं. दया दाखवून पास केलेला डॉक्टर उद्या कुणाच्या तरी आईला मारील, असं त्या म्हणत. त्यांचा नवरा किल्ल्या बनवायचा. तो संध्याकाळी हात पुसत विचारी, “काय, आज किती जणांनी वाचवलं तुला?” काकू आकडा सांगत. शहरातले निम्मे तरुण डॉक्टर त्यांच्या पोटावर हात ठेवूनच पास झाले होते. त्यांना याचा अभिमान होता, आणि का नसावा?

त्या हिवाळ्यात, परीक्षेच्या शेवटच्या दिवशी, जेवणानंतर एक उमेदवार आत आला. इतरांपेक्षा वयानं मोठा, केस विरळ झालेले, शर्टाची कॉलर झिजलेली. चौथी खेप असणार, हे काकूंनी लगेच ताडलं. त्यानं हात धुतले आणि एकमेकांवर चोळून गरम केले. सकाळपासून अकरा जणांनी थंडगार हात लावले होते, त्यामुळे काकूंना बरं वाटलं. दुखऱ्या जागेला शेवटी हात लावायचा असतो, म्हणून त्यानं डावीकडून सुरुवात केली. आणि तिथेच त्याचा हात थांबला.

“इथे दुखतं?”

“नाही.”

त्यानं बोटं आणखी खोल नेली. दुखलं. फार नाही, आत कुठेतरी बोथट असं. गेले काही आठवडे ते दुखतच होतं. पन्नाशी उलटली, होतं असं काहीबाही, म्हणून काकूंनी त्याकडे काणाडोळा केला होता. पण कागदावर डाव्या बाजूला ‘नाही’ लिहिलेलं होतं, आणि काकूंनी अकरा वर्षांत कागद कधी सोडला नव्हता.

“नाही,” त्या म्हणाल्या.

“नक्की?” तो पोटाकडे नव्हे, त्यांच्या तोंडाकडे पाहत होता.

“नाही म्हटलं ना.”

तिसऱ्यांदाही त्यानं तेच विचारलं आणि तिसऱ्यांदाही त्याला तेच उत्तर मिळालं. भिंतीवरच्या घड्याळात अजून सात मिनिटं होती. उजवीकडे एकदा दाबून ‘अपेंडिक्स’ म्हणाला असता, तर गंगेत घोडं न्हालं असतं. पण हा गृहस्थ स्टुलावर बसला आणि वजन कमी झालंय का, शौचाला रक्त पडतं का, असलं कागदावर नसलेलं विचारू लागला. काकूंनी प्रत्येक प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणून हात झटकले. शेवटी तो पुढे वाकून हळूच म्हणाला, “काकू, परीक्षा गेली खड्ड्यात. तुमच्या पोटात डावीकडे गाठ लागतेय. खरी. उद्याच्या उद्या मोठ्या रुग्णालयात दाखवा. तुमच्या पाया पडतो.”

काकूंचं डोकं फिरलं. असले नग त्यांनी पुष्कळ पाहिले होते. कोणी आजारी आईच्या नावानं गळा काढी, कोणी नुसतंच मुसमुसे. हा तर त्यांनाच घाबरवून मार्क काढायला निघाला होता. सकाळपासून अकरा जणांचे हात त्याच जागेवरून फिरले, त्यांना काही लागलं नाही आणि या तीन वेळा आपटलेल्याला तेवढी गाठ लागली? ते अकरा जण दुसऱ्या प्रश्नालाच अपेंडिक्स ओळखून बसले होते आणि डावीकडे नुसता हात फिरवल्यासारखं करून पुढे गेले होते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नाही. घंटा झाली. निदान, चूक. लाल चौकट, खूण. आपण काही वाईट केलं, असं त्यांच्या मनालाही शिवलं नाही.

नवऱ्यानं मात्र ऐकल्यावर हातातली कानस खाली ठेवली. “एकदा दाखवून यायला काय जातंय?”

“त्या रडतोंड्याचं ऐकून?” काकू म्हणाल्या आणि विषय संपला.

दोन महिन्यांनी रक्त दिसलं. मग त्या घराजवळच्या दवाखान्यात गेल्या. तिथला तरुण डॉक्टर त्यांना बघताच हसला. त्याला त्यांनी बावीसपैकी बावीस दिले होते. त्यानं या खेपेलाही हात धुतले, सगळं नीट विचारलं, पोटावरून हात फिरवला. म्हणाला, “मूळव्याध आहे काकू, थोडा गॅसही आहे.” काकूंना हायसं वाटलं. त्यांनीच पास केलेला होता, चुकेल कसा? त्या गोळ्यांवर त्यांनी आणखी तीन महिने काढले.

मोठ्या रुग्णालयातल्या सर्जनबाईंनी फिल्म उजेडाला धरून दोनदा पाहिली. गाठ आतड्यात होती आणि आता यकृतातही पोचली होती. “निदान वर्षभराची तरी असणार. आधी कुणाच्या हाताला लागली कशी नाही?”

“लागली होती,” काकू म्हणाल्या. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. सहा महिन्यांपूर्वी आल्या असत्या तर कापून काढता आली असती, असं सर्जनबाईंनी सांगितलं, अगदी हळू आवाजात. ते ऐकायला काकूंना कोणी सोबत नको होतं, नवरासुद्धा.

त्या रात्री त्यांना स्वतःच्या मरणापेक्षा त्या माणसाचे गरम हात जास्त छळत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. ‘मला दुखत होतं. मी खोटं बोलले. त्यांचं निदान बरोबर होतं, त्यांना परवाना द्या.’ सोबत रुग्णालयाचे सगळे कागद जोडले. महिन्यानं उत्तर आलं. उमेदवाराचं उत्तर दिलेल्या प्रकरणाशी जुळत नव्हतं. त्याच्या चारही संधी संपल्या आहेत, सबब निकालात बदल होणार नाही. आणि आपण परीक्षेतली माहिती उघड केल्यामुळे आपली नेमणूक रद्द करण्यात येत आहे. खरोखर आजारी पडल्यावर काकूंचं आजारी पडायचं काम गेलं ते असं. नवऱ्यानं ते पत्र चुरगाळलं, मग पुन्हा सरळ करून ठेवलं.

तो माणूस रुग्णालयामागच्या औषधाच्या दुकानात काम करतो, ही बातमी छातीत कळनं आणली. काकू डोक्याला रुमाल बांधून गेल्या. औषधांनी केस गेले होते. गल्ल्यावर मालक होता, फळ्यांवरून खोकी काढून द्यायला तो. त्यानं चिठ्ठी हातात घेतली, औषधांची नावं वाचली आणि मग मान वर केली. त्यानं ओळखलं होतं.

“डॉक्टर,” काकू म्हणाल्या.

त्यानं पटकन मालकाकडे पाहिलं. “तसं म्हणू नका, काकू. परवाना नाही मला. कोणी ऐकलं तर गुन्हा होतो.”

“मला दुखत होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा दुखत होतं मला.”

“माहीत आहे. तुमच्या तोंडावर दिसलं होतं.” तो गोळ्यांची पाकिटं मोजत होता. “म्हणून तर तीनदा विचारलं.”

“मी लिहिलं मंडळाला. ऐकत नाहीत ते.”

“नाही ऐकणार.” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर काकूंना सोसलं असतं.

“अहो, पण तुम्ही अपेंडिक्स म्हणायचं होतं!” काकूंचा आवाज चढला. “दुसऱ्या प्रश्नालाच कळतं ते सगळ्यांना, तुम्हालाही कळलंच असणार. म्हणून टाकायचं होतं, सुटला असता. माझं बाहेर जाऊन सांगायचं होतंत. का नाही म्हणालात?”

त्यानं पाकिटं पिशवीत घातली आणि पिशवी त्यांच्यापुढे सरकवली.

“तुम्हाला अपेंडिक्स नव्हतं, काकू,” तो म्हणाला.

मागे रांग वाढली होती. कोणीतरी ‘चला हो पुढे’ म्हणालं, पण काकूंना पिशवी उचलता येईना.