कागदोपत्री जुळी

धाकटी आणि तिचा भाऊ जुळे नाहीत. त्याच्या पाठीवर चौदा महिन्यांनी ती झाली. पण वडील शाळेत शिपाई होते. पुस्तकांच्या एकाच संचात दोघांचं भागावं म्हणून त्यांनी हेडमास्तरांचे पाय धरले आणि दोघांना एका वर्गात घातलं. रजिस्टरात दोघांची जन्मतारीख एकच पडली, भावाची. घरात तो वर्षानुवर्षांचा थट्टेचा विषय होता. "ए जुळे, चहा टाक की!" असं भाऊ हाक मारायचा.

भाऊ केव्हाच नोकरीला लागून आपल्या संसारात गुरफटला. धाकटी बाइंडिंगच्या कारखान्यात वह्यांना पुठ्ठे चढवायची. कारखाना बंद पडला आणि तिचं नाव बेकारभत्त्याच्या यादीत लागलं. भत्त्यावर असलेल्यांनाच रुग्णसेवेच्या प्रशिक्षणात जागा मिळते; भत्ता सुटला की जागाही जाते. तिने ती धडपडून मिळवली. आता प्रशिक्षणाचे चारच महिने उरले होते. पण भत्ता तिशीपर्यंतच, आणि कागदावर तिला सोमवारी तीस पूर्ण होत होती.

शुक्रवारी वडील इस्त्रीचा सदरा घालून तिच्याबरोबर कार्यालयात आले.

"बाई, चूक माझी आहे. पोरीला अजून एकोणतीससुद्धा पुरी नाहीत. हा दवाखान्यातला जन्माचा कागद."

खिडकीमागच्या बाईंनी कागद उलटून-पालटून पाहिला.

"काका, खरं असेलही. पण मग शाळेचा दाखला खोटा ठरतो. खोट्या दाखल्यावर भत्ता घेतला, असं मला वर कळवावं लागेल. नोंद कोणी करवली, याची चौकशी लागेल. तुम्ही त्याच शाळेत होता ना?"

"हो. पेन्शन तिथलीच."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग अर्ज घेऊ का, तुम्हीच सांगा."

"घ्या. माझं नाव लिहा."

धाकटीने खिडकीतून हात घालून कागद ओढून घेतला. "बाबा, चला."

"अगं, चारच महिने—"

"चला म्हणते ना! पेन्शन अडकली तर आईची औषधं कशी आणायची? बंद कारखान्यात पुठ्ठे चढवून?"

बाईंनी पट्टी लावून भत्त्याच्या यादीतल्या तिच्या नावावर रेघ ओढली. शेजारी तिने सही केली.

तिथून दोघं तडक प्रशिक्षण केंद्रात गेली. वडील फाटकाशीच थांबले. धुऊन घडी घातलेला एप्रन तिने टेबलावर ठेवला.

"का गं, सोडतेस?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं. "हात चांगला आहे तुझा."

"वय झालं," ती म्हणाली.