गांधीलमाश्या रंगवणारा पेंटर

पेंटरला घरातसुद्धा पेंटरच म्हणत. बायको म्हणायची, आई म्हणायची, शेजारी तर म्हणायचेच. खरं नाव फक्त ओळखपत्रावर होतं, आणि ते कुठे दाखवायची वेळ आली की तो आधी स्वतः एकदा वाचून खात्री करून घ्यायचा.

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची निम्मी हयात गेली. मग छापील प्लास्टिकच्या पाट्या आल्या. दुकानदार म्हणायचे, "पेंटर, तुझं अक्षर झकास आहे रे, पण ते लोक संध्याकाळपर्यंत पाटी देतात आणि वर माझा फोटोही टाकतात." फोटोपुढे पेंटरचं काही चालेना. शेवटी त्याला एका संशोधन संस्थेत दारांवर नंबर टाकायचं काम मिळालं. तिथे एक दिवस तो पाण्याच्या नळावर 'पिऊ नये' असं बोटाच्या पेराएवढ्या जागेत लिहीत होता, तेव्हा कीटकांच्या विभागाच्या मुख्य बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना सगळे मॅडम म्हणत.

"याहून बारीक जमेल?" मॅडमनी विचारलं.

"कशावर?"

"गांधीलमाशीच्या पाठीवर."

"मेलेल्या की जित्या?"

"जित्या."

पेंटरने थोडा विचार केला. "रंगाचे किती हात द्यायचे?"

"एकच."

"मग येतो," पेंटर म्हणाला. असा तो विज्ञानात आला.

काम असं होतं. एका पोळ्यात पाच-पन्नास गांधीलमाश्या असतात आणि सगळ्या एका छापाच्या. कोण बाहेर जाऊन अळ्या मारून आणते, कोण पोरं सांभाळते, कोण नुसतीच बसते, हे बघायचं तर आधी त्या ओळखू यायला हव्यात. म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर दोन ठिपके. रंगांची जोडी हेच तिचं नाव: लाल-हिरवी, पांढरी-निळी, निळी-निळी. माशी छोट्या डबीत घालायची, डबी फ्रीजमध्ये ठेवायची, गारठून ती सुस्तावली की चिमट्यात धरून दातकोरणीच्या टोकाने ठिपका द्यायचा आणि ती भानावर यायच्या आत सोडून द्यायची. पाट्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक फार तर बोलायचं. इथलं डंख मारायचं. पण रंगाबद्दल एकीचीही कधी तक्रार आली नाही.

राणी दाखवा म्हणून पेंटर सुरुवातीला मागे लागला होता. त्याची समजूत अशी की राणी धिप्पाड असेल, तिचा काही रुबाब असेल. मॅडमनी दाखवली ती चार जणींसारखीच दिसत होती आणि एका कोपऱ्यात गप्प बसली होती. या जातीत राणी भांडत नाही, धावत नाही, कुणाला काही सांगत नाही, आणि तरी तिच्यावाचून पोळ्याचं पान हलत नाही, असं मॅडम म्हणाल्या. पेंटरला हे अजिबात नवल वाटलं नाही. घरी त्याची आई खिडकीशी खुर्चीत बसलेली असायची. ती उठून कधी काही करत नसे आणि घरात तिला न विचारता कधी काही होत नसे. आईनंतर घर कुणाच्या हातात जाईल, बायकोच्या की धाकट्या भावाच्या बायकोच्या, यावर कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता आणि सगळ्यांना ते पक्कं ठाऊक होतं. ही तुलना त्याने घरी कधीच ऐकवली नाही. तो तेवढा शहाणा होता.

नेमका हाच प्रश्न विभागातल्या एका मुलीच्या डॉक्टरेटचा विषय होता. पेंटर तिला ताई म्हणायचा आणि ती पेंटरला काका म्हणायची. कोण लहान कोण मोठं याचा दोघांनीही कधी खल केला नाही. राणीला पोळ्यावरून उचललं की थोड्याच वेळात एक माशी पुढे येते, सगळ्यांना धपाधप हाणते आणि राणी होते. ती कोण, हे माणसाला आधी सांगता येत नाही. माश्यांना मात्र माहीत असतं, त्या तिच्याशी भांडायलाही जात नाहीत. हे त्यांना कसं कळतं, ते शोधत ताई वर्षानुवर्षं स्टुलावर बसून होती. शिष्यवृत्ती संपत आलेली, घरून रोज फोन, बरोबरीच्या मुली केव्हाच डॉक्टर होऊन गेलेल्या. पेंटरने तिच्या खोलीची पाटी रंगवली, निळ्यावर पांढरी अक्षरं, तेव्हा तिच्या नावाआधी दोन बोटं जागा मोकळी सोडली.

"ही कशाला?" तिने विचारलं.

"डॉक्टर लिहायला. तेव्हा परत सगळी पाटी कोण खरवडणार?"

ती हसली. त्या वर्षात ती क्वचितच हसत असे.

मॅडमचा एक नियम होता. ठिपका एकदा दिला की माशीला परत हात लावायचा नाही. ठिपका उडाला, फिका झाला, तर येऊन सांगायचं. पेंटरने मान डोलावली होती, आणि मनापासून डोलावली होती. पण पाट्यांच्या माणसाला उडालेला रंग बघवत नाही. दुसऱ्याच्या दुकानाचं एखादं अक्षर झिजलेलं दिसलं तरी त्याचा हात शिवशिवायचा. त्या हंगामात नव्या रंगाच्या डब्या आल्या होत्या आणि त्यांचे ठिपके मळके दिसत होते. तेव्हा सकाळच्या गारव्यात, माश्या जागच्या जागी गारठलेल्या असताना, तो शिडीवर चढून एखादीला हलकेच ठिपका उजळून द्यायचा. टच-अप. लाल असेल तर लाल, पिवळा असेल तर पिवळा. यात काही बिघडतंय असं त्याला वाटलंच नाही. उलट आपण पदरची मेहनत घालतो आहोत असं वाटून त्याला थोडा अभिमानच होता.

मग एके दिवशी ताई धावत आली. "काका, खिडकीवरच्या पोळ्याचा नंबर जरा मोठा काढा. ते पोळं गाजणार आहे."

तिथली पिवळी-निळी म्हणे काहीतरी वेगळीच निघाली होती. माशी एक तर बाहेर राबते नाही तर घरात बसते. ही बाहेरून शिकार आणायची आणि घरात बसून इतरांवर बारीक लक्षही ठेवायची. असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. हीच पुढची राणी होणार, असा ताईचा होरा होता. येत्या आठवड्यात परीक्षक येणार, त्यांच्यापुढे ती हे मांडणार, आणि मग दोन बोटं जागा भरायला हरकत नव्हती. सांगताना तिचे कान लाल झाले होते.

पेंटर शिडी घेऊन गेला. पोळ्याची एक बाजू भिंतीकडे होती, ती स्टुलावरून दिसत नसे, शिडीवरून दिसायची. पुढच्या बाजूला पिवळी-निळी बसली होती. त्याने ब्रश बुडवला. मागच्या बाजूलाही पिवळी-निळी बसली होती.

त्याने मान वाकडी करून पुन्हा पाहिलं. दोन्ही जागच्या जागी होत्या. पुढचीचा पिवळा ठिपका ताजा, चकचकीत होता, आणि तो कुणी दिला ते पेंटरला सांगायला नको होतं. ती मूळची पांढरी-निळी. नव्या डबीतला पांढरा उन्हाने पिवळा पडला होता, आणि पेंटरने त्याला पिवळा समजून वरून छान पिवळा लावला होता. पांढरा पिवळा पडतो, हे जगातल्या इतर कुणाच्या लक्षात आलं नसतं तर ते क्षम्य होतं. पेंटरने आयुष्यभर गिऱ्हाइकांना हेच सांगितलं होतं.

तरी त्याने नंबर काढला, मोठा, छायेसकट. सांगितलेलं काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती.

रात्री जेवताना त्याने सगळं सांगितलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी चढा आणि परत पांढरा लावा. कुणाला कळतंय?"

"मग ताईची ती माशी एकाएकी बाहेर जायची थांबेल नाही तर घरात बसायची थांबेल."

"थांबू दे. माश्यांचं काय सांगावं. त्यांचा मूड."

"आणि ती परीक्षकांपुढे काय सांगेल?"

"जे सांगणार होती तेच. पेंटर, तुमची नोकरी जाईल हो."

ते खरं होतं, आणि पेंटरला त्याची भीतीही वाटत होती. पण नोकरीपेक्षा ते लाल झालेले कान त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. खिडकीशी बसलेली आई एवढा वेळ बाहेर बघत होती. तिने तसंच बाहेर बघत विचारलं, "काम कुणाचं बिघडलंय?"

"ताईचं."

"मग तिला सांग. आम्हाला काय सांगतोस?"

विषय संपला. बायकोने भांडी उचलली.

दुसऱ्या दिवशी ताई व्याख्यानाच्या खोलीत रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलण्याची तालीम करत होती. पेंटर दारात दिसताच तिने खूण करून त्याला पहिल्या रांगेत बसवलं. "बरं झालं काका आलात. कुणीतरी ऐकायला हवं होतं." आणि ती सुरू झाली. पडद्यावर पोळं, मग आकडे, मग पिवळी-निळीचा भला मोठा फोटो. पेंटरला कुठे थांबवावं ते कळेना. माणूस इतकं छान बोलत असताना मध्येच तोंड घालणं त्याच्याच्याने होईना. तो पूर्ण व्याख्यान बसून ऐकत राहिला आणि त्याला ते सगळं समजलं, हेच वाईट झालं.

"काही प्रश्न?" ताईने थट्टेने विचारलं.

पेंटरने हात वर केला.

"विचारा की."

"प्रश्न नाही," पेंटर म्हणाला. "त्या दोन आहेत."

मग त्याने सांगितलं. डबी, पांढरा, ऊन, टच-अप. ताई तडक खिडकीवरच्या पोळ्यापाशी गेली, शिडीवर चढली आणि बराच वेळ वरच थांबली. खाली आली तेव्हा तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "आणखी कुणाकुणाला लावलात?"

"मळकी दिसली तिला."

"याच पोळ्यावर?"

पेंटरने मान हलवली. "सगळ्याच पोळ्यांवर."

"किती जणींना?"

"मोजल्या नाहीत ताई."

आता कुठल्याच पोळ्यावरची कुठलीही पिवळी खरी पिवळी राहिली नव्हती. ताईने खोलीत परत येऊन पडद्यावरचा फोटो बंद केला. "तुम्ही जा काका," ती म्हणाली, आणि पाठ फिरवून रडली. पेंटरला ते दिसलं. आपण जमिनीत गेलो तर बरं, असं त्याला मनापासून वाटलं, पण जायला तिथे जागा नव्हती म्हणून तो बाहेर व्हरांड्यात उभा राहिला.

मॅडमनी आवाज चढवला नाही. पूर्ण हंगाम वाया गेला, एवढं त्या एका वाक्यात म्हणाल्या. परीक्षकांना येऊ नका असं कळवलं. पांढऱ्या रंगाच्या डब्या पेंटरच्याच हाताने कचऱ्यात टाकायला लावल्या. शेवटी म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी टच-अप केला असता तर येऊन सांगितलं नसतं, मला कळलंही नसतं. उद्यापासून नवीन पोळी." म्हणजे नोकरी राहिली. पेंटरला त्याचा आनंद झाला नाही, नुसतं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

खिडकीवरच्या पोळ्याकडे आता कुणी बघेना. त्याची राणी पुढे केव्हातरी आपल्या आपण नाहीशी झाली. पेंटर झाडांना पाणी घालायला तिथून जात होता, तेव्हा पुढच्या बाजूची, त्याने बाटवलेली पिवळी-निळी सगळ्यांना हाणत फिरताना त्याला दिसली. बाकीच्या मुकाट बाजूला होत होत्या. तिच्या पाठीवर कुठला रंग आहे यावरून तिथे काडीचाही गोंधळ नव्हता. पेंटर पाणी सांडेपर्यंत बघत राहिला. ताईला जाऊन सांगावं असं त्याला फार वाटलं, पण ताई त्या दिवसांत त्याच्याशी रंगांपलीकडे बोलत नव्हती. "लाल-लाल," ती म्हणायची. "हं," पेंटर म्हणायचा. पुढचा अख्खा हंगाम या संभाषणावर निघाला. शिष्यवृत्ती संपल्यावर ती सकाळी एका शाळेत शिकवायची आणि दुपारी स्टुलावर येऊन बसायची. पेंटर ठिपके द्यायचा आणि दिले की हात मागे बांधून घ्यायचा.

नव्या पोळ्यांत विलक्षण असं काही निघालं नाही. जे निघालं ते खरं होतं, आणि तेवढ्यावर ती डॉक्टर झाली.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ताई स्वतःच दारावरची पाटी उतरवून घेऊन आली आणि पेंटरच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "काका, ती दोन बोटं."

पेंटरने चांगल्यातला पांढरा काढला, श्वास रोखून 'डॉ.' लिहिलं आणि पाटी लांब धरून बघितली. ती बघून त्याचा चेहराच पडला. ताईचं नाव त्याने त्याच वाईट डबीतल्या पांढऱ्याने लिहिलं होतं. आता ते हळदीसारखं पिवळं दिसत होतं आणि त्याच्या शेजारी 'डॉ.' पांढरंशुभ्र. एकाच पाटीवर दोन पांढरे. पाट्यांच्या धंद्यात याहून मोठी बेअब्रू नाही.

"नाव परत काढतो," तो घाईने म्हणाला. "किंवा नव्या पांढऱ्यात थेंबभर पिवळा घालतो. अजिबात ओळखू येणार नाही."

"नको."

"लोकांना दिसेल ताई. मध्ये वर्ष गेलंय ते."

"गेलंच ना," ताई म्हणाली. "दिसू दे."

तिने पाटी उचलली आणि वाळायच्या आतच घेऊन गेली. ती अजून तिच्या दारावर आहे, तशीच. पेंटर तिथून दिवसातून चार वेळा जातो आणि जाताना दोन्ही हात खिशात घालतो.