कोच घेऊन वेल्ह्याला

वेल्ह्याला लोक तोरणा चढायला जातात. मी एक खुर्ची परत मागायला गेलो, आणि जाताना बरोबर एक कोच नेला. वाचकांपैकी कुणाला असे काही करायचे असेल तर मोटारवाल्याशी आधी बोलून घ्यावे. माझ्याकडून माणसाचे एक आणि कोचाचे दोन अशी तीन भाडी घेतली गेली, आणि सबंध प्रवासात कोचाला माझ्यापेक्षा चांगली वागणूक मिळाली.

आधी गुन्हा कबूल करतो. माझे थोरले बंधू अण्णा भोरला असतात. त्यांना जुना दमा. आडवे झाले की श्वास अडकतो, म्हणून गेली अकरा वर्षे ते आजोबांच्या शिसवी आरामखुर्चीत झोपत आले. लांब हातांची, वेताच्या बैठकीची, लोखंडाचा एक खिळा नसलेली खुर्ची. जुने लाकूड ओळखायची हीच खूण: सांध्यात खिळ्याऐवजी लाकडी खुंटी दिसते, आणि उचलायला गेले की आपले वय कळते. भाद्रपद सरता सरता मी भोरला गेलो तेव्हा तिचा वेत दोन ठिकाणी उसवला होता. मला जुन्या खुर्च्यांचे वेड. पाठशाळेत बारा वर्षे मांडी घालून बसलेल्या माणसाला दुसरे कसले वेड लागणार? पण त्या दिवशी बुद्धी फिरली. बाजारातल्या एका दुकानदाराला ती खुर्ची आणि वर थोडे पैसे देऊन मी अण्णांसाठी नवा स्प्रिंगचा कोच आणला. अण्णा भिडस्त. म्हणाले, "छान आहे."

आश्विनात वहिनींचे पत्र आले. "भाऊजी, हे पंधरा दिवस झोपलेले नाहीत. कोच छान आहे."

दुसऱ्याच दिवशी भोर गाठले. कोचात बसले की अण्णा आत जात, छाती दुमडे आणि श्वासाची शिट्टी सुरू होई. भिंतीला टेकून दहा मिनिटांची डुलकी लागली तर नशीब. शेजाऱ्यांच्या दोन खुर्च्या आणून पाहिल्या. एक फार ताठ, दुसरी फार उताणी. अण्णांचे डोळे खोल गेले होते, आणि तरी ते मला विचारत होते, "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

दुकानदार म्हणाला, "ती गेली की वेल्ह्याकडं. रामजी म्हणून एक कुणबी, बापासाठी घेऊन गेला." कोच मात्र तो परत घेईना. म्हणून ठरवले की कोच द्यावा आणि खुर्ची आणावी. निघालो त्या सकाळपर्यंत अण्णांच्या अठरा रात्री झाल्या होत्या.

कोच मोटारीच्या टपावर बांधून नसरापूरपर्यंत आलो. पुढे बैलगाडी. गाडीवान केरबा नावाचा, बडबड्या. कोच चढवल्यावर गाडीत दुसरी जागाच उरली नाही, म्हणून मला कोचावर बसावे लागले. पालखीतल्या देवाला काय वाटत असेल ते मला मार्गासनीपर्यंत पुरेपूर कळले. भात पिवळे पडत होते. खाचरातल्या बायका विळे थांबवून उभ्या राहिल्या.

"आगं बया, वरात कुणाची?"

"नवरा लई जून दिसतोय गं!"

"नवरी कोचाखाली दडलीया," केरबा ओरडला. "नवऱ्याला बगून!"

मी हसलो, पण लक्ष आभाळाकडे होते. तोरण्यावर ढग बसला होता. कोच भिजला तर देवाणघेवाणीला काय उरणार? चाक खड्ड्यात गेले की आतली स्प्रिंग किणकिणे, आणि मला अण्णांची शिट्टी ऐकू येई.

मुक्काम मार्गासनीला, मारुतीच्या देवळात. नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले मिळाले. सोवळ्याचा प्रश्न भुकेने परस्पर निकालात काढला. पडल्या पडल्या मी रामजीपुढे मांडायचा युक्तिवाद रचला: आधी त्याचा पूर्वपक्ष, मग त्याचे खंडन, शेवटी सिद्धान्त. पाठशाळेत याला बक्षीस मिळाले असते.

सकाळी एका ओढ्यात कोचाचा कोपरा भिजलाच. वेल्ह्याच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडे आत रामजीचे घर. ऊन डोक्यावर आले तेव्हा अंगणात उतरलो आणि ओसरीवर खुर्ची दिसली. तिला पाय नव्हते. म्हणजे होते, पण टीचभर. बेडकासारखी भुईला टेकून बसली होती, आणि तिच्यात एक म्हातारबा बसले होते.

"पाय कुठे गेले हिचे?"

"कापलं," रामजी म्हणाला. "आबा बसंनात."

"बशीन कसा?" आबांनी भिंतीकडे बोट केले. बुटक्या कोनाड्यात देव होते. "टाळकं देवाच्या वर जात हुतं. देवाच्या उशाला बसू व्हय म्या?"

माझा सिद्धान्त इथेच निम्मा मोडला. उरलेला आबांनी मोडला. हातांवर जोर देऊन ते कुणाच्या आधाराशिवाय उभे राहिले आणि म्हणाले, "गुडघं गेल्यात. भुईवरनं उठवत न्हाई. दोन वरसांनी सोता उठतोय, शास्त्रीबुवा. हिच्यापायी."

अखेर केरबाच बोलला. अण्णा, दमा, कोच, सगळे त्याने सांगून टाकले. माझ्यापेक्षा नीट सांगितले.

आबांनी आधी कोच पाहिला. बसले, आणि खाली गेले. गुडघे हनुवटीला लागले. रामजीने आणि मी दोन हात धरून ओढून काढले.

"ह्यो गिळतोय मानसाला!" आबा म्हणाले. सून पदर तोंडाला लावून हसली.

मग ते मला म्हणाले, "भाऊ कसा निजतो, दावा."

मी खुर्चीत बसलो. हात लांब टाकले, मान अण्णांसारखी डावीकडे कलती केली. बुटकी झाली तरी पाठीचा उतार तोच होता. डोळे मिटले आणि उघडायला जरा जड गेले.

"किती रात्री झाल्या?"

"एकोणीस."

आबांनी खुर्चीचा हात एकदा चाचपला. मग सुनेला म्हणाले, "कणगीखालचं तुकडं काढ."

उंदीर लागू नयेत म्हणून कापलेल्या पायांचे चारही तुकडे धान्याच्या कणगीखाली लावले होते.

"आन् उंदरं?" सून म्हणाली.

"उंदरांना कोच द्या."

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही कसे उठाल?"

"मला रामजीचा हात हाय. झोपंला कुणाचा हात लावायचा?"

मी त्यांच्यासाठी दुसरी बुटकी खुर्ची करून धाडायचा शब्द दिला. आबांनी सुतळी मागवली. भुईपासून गुडघ्याखालपर्यंत एक गाठ, भुईपासून देवाच्या कोनाड्यापर्यंत दुसरी. "ह्या गाठीवर बसायचं. त्या गाठीच्या वर टाळकं जाऊ द्यायचं न्हाई."

परतीला गाडीत जागा होती, तरी मी बराचसा चाललो. काळजी होतीच. पाय पुन्हा जोडताना उतार बदलला तर? भोरच्या सुताराने आतून खुंट्या घालून पहिल्यांदा तुकडे जोडले तेव्हा खुर्ची पुढे झुकली. पुढचे तुकडे मागे गेले होते. त्याने लाकडाच्या रेघा बघून अदलाबदल केली, खुर्ची जमिनीवर ठेवली, आणि ती तिच्या जुन्या ढंगात मागे रेलली. एका पायावर उंदराचे दात उमटले आहेत. ते तसेच ठेवले.

जेवणानंतर अण्णा बसले. वहिनींनी भांडी घासायची थांबवली. मी दाराच्या चौकटीला धरून श्वास ऐकत होतो. शिट्टी आली, बारीक झाली, आणि मग नुसता श्वास उरला. दिवेलागणीला जागे झाल्यावर त्यांनी विचारले, "तुला प्रवासात त्रास नाही ना झाला?"

आता पुण्यात आहे. घरात चार जुन्या खुर्च्या आहेत, पैकी तीन नुसत्या पाहायच्या. जाणाऱ्यांसाठी सांगायचे ते एवढेच: ओढ्याला पाणी असते, मार्गासनीचे पिठले चांगले, आणि जुनी वस्तू बदलण्याआधी तिच्यात एक दुपार स्वतः बसून पाहावे.

इथल्या सुताराने आबांच्या खुर्चीसाठी सागवान आणले आहे. वेत विणायला धरून पंधरा दिवस म्हणतो. मापाची नक्कल त्याला दिली. मूळ सुतळी द्यायचा धीर झाला नाही, ती खिशात आहे. अण्णांच्या रात्री मोजायचे थांबले, पण मोजणे सुटले नाही. सकाळी एकदा, जेवायला एकदा, अंगणात जायला दोनदा, दिवे लागल्यावर पुन्हा. माणूस दिवसातून किती वेळा उठतो, हे मी पूर्वी कधी मोजले नव्हते. आणि दरवेळी रामजी शेतातून वेळेवर येत असेल ना?