क्वॉर्मबी मूळचे कुठले?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या ऑफिसात मायक्रोवेव्ह एक आणि डबे गरम करणारे भरपूर, त्यामुळे रांगेत उभं राहून गप्पा मारण्यावाचून दुसरा उद्योग नसतो. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या या ब्रेक टेस्टिंगच्या लॅबमध्ये मला अकरा वर्षं झाली. ब्रेकबद्दल जेवढं कळलं त्याहून जास्त त्या रांगेत कळलं, आणि त्यातलं निम्मं एकट्या एडबद्दल आहे.

एड म्हणजे आमचा सगळ्यात जुना टेक्निशियन. पूर्ण नाव एडविन क्वॉर्मबी. तेव्हा वय सहासष्ट, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, ऑक्टोबरात रिटायर होणार. टेबलावरची बाकीची मंडळी म्हणजे पुण्याचा जोशी, ज्याला सगळं आधीच ठाऊक असतं. नागपूरचा वानखेडे, ज्याला कुणाला नाही म्हणता येत नाही. आणि मी, सोलापूरची कुलकर्णी. एड बोलतो इंग्लिशच, पण मी माझ्या सोयीने मराठीत सांगते.

*

एड आमच्या टेबलावर पहिल्यांदा बसला तो वानखेडेच्या डब्यातल्या पुडाच्या वडीमुळे. वास आला, थांबला, वानखेडेने एक पुढे केली. दोन खाल्ल्यावर त्याने रीतसर सगळ्यांची नावं विचारली. मग जोशीने त्याचं आडनाव ऐकलं आणि चमचा खाली ठेवला.

"क्वॉर्मबी. मूळचे कुठले?"

"डिअरबॉर्न," एड म्हणाला.

"ते राहायला. मूळचे?"

एडला प्रश्नच कळेना. आडनाव ऐकलं की गाव काढल्याशिवाय आपल्याला घास उतरत नाही, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. आजोबा इंग्लंडहून आले, यॉर्कशरकडून, एवढं तो म्हणाला. जोशीने फोन काढला आणि दहीभात संपायच्या आत पत्ता लावला. यॉर्कशरमध्ये क्वॉर्मबी नावाचं खेडं आहे, आता मोठ्या शहराच्या पोटात गेलेलं. नाव जुन्या नॉर्स भाषेतलं. त्यातला पहिला भाग म्हणजे दळायचं जातं, आणि शेवटचा 'बी' म्हणजे वस्ती.

"जात्याचं गाव," जोशी म्हणाला. "एड, तू जातेगावकर आहेस."

आम्ही खूश झालो, एड मात्र ट्रे उचलून निघून गेला. मागाहून कळलं की त्याच्या वडिलांनी कधीतरी एका मॉलमधल्या स्टॉलवरून घराण्याचं बोधचिन्ह फ्रेम करून आणलं होतं. लाल ढाल, तिच्यावर तलवार धरलेला सिंह. चाळीस वर्षं ते हॉलमधल्या शेकोटीच्या वर भिंतीला टांगलेलं. दोन दिवस एड आमच्याकडे फिरकला नाही. आपण उगाच एका म्हाताऱ्या माणसाचा सिंह मारला, असं मला फार वाटत राहिलं.

तिसऱ्या दिवशी तो ट्रे घेऊन आला आणि बसला.

"यॉर्कशरमध्ये सिंह नसतातच," तो म्हणाला. "जातं कसं दिसतं?"

*

आमच्या कंपनीत कुलकर्णी सात. त्यातले तिघे 'एस'. मी शुभांगी, एक सचिन, एक समीर. सचिनच्या दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मला येते, माझ्या मुलीच्या शाळेची नोटीस समीरला जाते. एकदा समीरला मिळालेलं कौतुकाचं पत्र मला आलं आणि मी अर्धा दिवस हवेत होते.

त्या दिवशी मी टेबलावर वैतागून म्हटलं, "मला स्वतःच्या मेलपेक्षा दुसऱ्यांचेच मेल जास्त येतात. कंटाळा आला या आडनावाचा."

एड सूप पीत होता.

"मला सहासष्ट वर्षांत एकदाही दुसऱ्याचं पत्र आलेलं नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

त्यानंतर मी त्याच्यासमोर ही तक्रार केली नाही.

*

त्याचं दुखणं काय ते हळूहळू समजलं. एडला स्वतःच्या घराबाहेरचा क्वॉर्मबी आयुष्यात भेटला नव्हता. तरुणपणी मोटेलमध्ये उतरला की तो आधी ड्रॉवरमधलं टेलिफोनचं पुस्तक काढून 'क्यू' बघायचा. पुढे इंटरनेट आलं. इंग्लंडात अजून बरेच आहेत, अमेरिकेत अगदी तुरळक, एवढंच तिथे समजलं. ओरेगॉनमधल्या एकाला त्याने हाताने पत्र लिहिलं. उत्तर शेजारणीचं आलं: ते गृहस्थ वसंत ऋतूत गेले, तुमचं पत्र वाचून त्यांना बरं वाटलं असतं.

मुलगी एकच, लीसा. लग्न झाल्यावर तिने आनंदाने आडनाव बदललं.

"रिटायर व्हायच्या आधी एकाशी हात मिळवायचाय," एड म्हणाला. "नातं नसलं तरी चालेल. मी शेवटचा नाही एवढं बघायचंय."

जोशी म्हणाला, "माणूस सापडत नाही असं कधी होत नाही. योग्य मावशीला विचारलेलं नसतं, एवढंच."

*

योग्य मावशी शुगर लँडला राहते. जोशीची सख्खी मावशी, कमलमावशी. टेक्सासात तिला माहीत नसलेला माणूस एक तर कालच आलेला असतो किंवा परवाच गेलेला. जोशीने तिला फोन स्पीकरवर लावला.

"मावशी, क्वॉर्मबी आडनावाचं कुणी आहे का ओळखीत? आमच्या ऑफिसात एड म्हणून आहेत. एकटेच आहेत गं, फार मनाला लावून घेतलंय त्यांनी."

"वय काय?"

"सहासष्ट."

"तब्येत? घर स्वतःचं? मुलगी आपापल्या घरी सुखात आहे ना?"

मावशी काम मुळापासून करते, असं म्हणून जोशीने सगळी उत्तरं दिली. चार दिवसांनी तिची तीन फोटोंसकट माहिती आली. तीन विधवा बायका. पहिल्या हूस्टनच्या, निवृत्त शिक्षिका, गाडी स्वतः चालवतात, पत्रिकेचा आग्रह नाही.

जोशीला घाम फुटला. पण लपवणार कसं, एड समोरच बसलेला. त्याने तिघींची माहिती चष्मा लावून शांतपणे वाचली आणि फोन परत दिला.

"यातली एकही क्वॉर्मबी नाही."

जोशीने ते मावशीला कळवलं. मावशी म्हणाली, "लग्नानंतर होतील की."

*

ऑगस्टमध्ये वानखेडे नागपूरला जाऊन आला. एडच्या निरोपाला काय द्यायचं हे त्याने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं: दगडी जातं. छोटंसं, पण दगड तो दगडच. आईने ते जुन्या साडीत गुंडाळून दिलं. बायकोने मागवलेला संत्र्याच्या बर्फीचा डबा त्याने वजनासाठी नागपूरलाच ठेवला, आणि ते प्रकरण त्याच्या घरात अजून मिटलेलं नाही.

डेट्रॉइट एअरपोर्टवर बॅग उघडायला लावली. अधिकाऱ्याने साडी सोडली. दोन गोल दगड, मध्ये भोक, बाजूला लाकडाचा खुंटा.

"सर, हे काय आहे?"

वानखेडेला वीस तासांच्या प्रवासाची झोप अनावर झालेली. खरं तेच बोलावं असा विचार करून तो म्हणाला, "माझ्या सहकाऱ्याचं आडनाव."

त्याला तासभर बसवून ठेवलं होतं.

*

सप्टेंबर उजाडला तरी दुसरा क्वॉर्मबी काही मिळेना. एडने विषय काढणंच सोडलं होतं. आम्हीही त्याच्यासमोर काढत नव्हतो.

वानखेडेचा मावसभाऊ स्टेट कॉलेज नावाच्या गावी एमएस करतो. तिथे वीस-पंचवीस मराठी डोकी मिळून एका अपार्टमेंटमध्ये गणपती बसवतात. कोण काय करून आणणार याची यादी त्याने वानखेडेला गंमत म्हणून पाठवली, कारण त्यात नऊ जणांनी नुसत्या पेपर प्लेट्स लिहिल्या होत्या. वानखेडे यादी वाचून हसता हसता थांबला. सातव्या ओळीत होतं: मसालेभात, पंचवीस जणांसाठी, केतकी क्वॉर्मबी.

चाळीस वर्षं एड टेलिफोनची पुस्तकं चाळत होता आणि आडनाव मसालेभातापुढे बसलेलं.

फोन केला. केतकी नागपूरची, लग्नाआधीची देशपांडे, स्टेट कॉलेजच्या युनिव्हर्सिटीत रिसर्च करणारी. नवरा ओवेन, यॉर्कशरमध्येच वाढलेला, तोही रिसर्चवाला. या, म्हणाली, मसालेभात जास्तच करते.

त्या शनिवारी आम्ही चौघं निघालो. सात तासांचा ड्राइव्ह. एडने इस्त्रीचा शर्ट घातला होता. वाटेत त्याने जोशीकडून एकच मराठी वाक्य शिकून घेतलं आणि ओहायोभर ते पुटपुटत राहिला. दार केतकीने उघडलं. आठवा महिना दिसतच होता. एडने तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि विचारलं, "मूळचे कुठले?"

केतकीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"माहेर नागपूर, सासर क्वॉर्मबी."

मग आतून ओवेन आला. दोघा क्वॉर्मबींनी हात मिळवला. आता काहीतरी होणार म्हणून आम्ही श्वास रोखून उभे. ते दोघं सोफ्यावर बसले आणि पाऊण तास स्नो टायर्सबद्दल बोलले. आडनावाचा उल्लेखसुद्धा नाही. जोशीने कागद घेऊन वंशावळ मांडायला सुरुवात केली, पणजोबांच्याही मागे गेला, आणि शेवटी जाहीर केलं की या दोघांचं काडीचं नातं नाही.

"चालेल," एड म्हणाला. हात अजून ओवेनच्या खांद्यावर होता.

निघताना केतकीने एडचा पत्ता लिहून घेतला आणि आमच्यासमोरच माहेरच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. बाळ झालं की एडच्या घरी कार्ड गेलं पाहिजे, हे आईला तिने बजावलं. गाडीत एडने बोटं मोजली. मग म्हणाला, "तीन. मला सोडून, बाळ धरून तीन." मला एकदम भरून आलं आणि मी रेडिओ मोठा केला.

*

ऑक्टोबरात एड रिटायर झाला. जातं आता शेकोटीच्या वर आहे, सिंह बेसमेंटमध्ये. नोव्हेंबरात केतकीला मुलगी झाली. जाई क्वॉर्मबी.

डिसेंबरात एके दिवशी दुपारी, ऐन मायक्रोवेव्हच्या रांगेच्या वेळी, एड ऑफिसात आला. हातात पत्र्याचा डबा. आमच्या टेबलावर ठेवून त्याने झाकण काढलं. डिंकाचे लाडू.

"दोन आठवड्यांपूर्वी इंडियाहून आले," तो म्हणाला. "रोज एक खातोय. गुडघे झकास चाललेत. पण आज लाडवांखाली हे सापडलं, आणि हे मला वाचता येत नाही."

वहीचा कागद होता, बॉलपेनने लिहिलेला. मी मोठ्याने वाचला आणि मग त्याला सांगितला. 'केतकी, बाळंतिणीचे लाडू आहेत. रोज सकाळी एक, दुधाबरोबर. कुणाला वाटत बसू नकोस. आई.'

वानखेडेने लगेच केतकीला फोन लावला. ती आधी किंचाळली, मग हसत सुटली आणि तिने आईलाही फोनवर घेतलं. तिच्या आईने कुरिअरवाल्याला फॅमिली ग्रुपवरचा पत्ता दिला होता. अमेरिकेत क्वॉर्मबी असून असून किती असणार, असं म्हणून खालचं गाव वाचायची तसदी घेतली नव्हती. आई आता दुसरा डबा करायला बसलीय, काकांना म्हणावं उरलेले संपवा.

मी हे सगळं एडला समजावून सांगितलं. त्याने मान हलवत ऐकून घेतलं. डब्यावरचं कुरिअरचं लेबल बोटाने पुसून परत वाचलं.

"म्हणजे हे माझं नव्हतं?"

"नाही, एड."

"दुसऱ्या क्वॉर्मबीचं होतं."

"हो."

"नक्की?"

"शंभर टक्के."

त्याने ते लेबल नखाने सावकाश सोडवलं, जराही फाटू दिलं नाही, घडी करून पाकिटात ठेवलं. मग उठला आणि मायक्रोवेव्हच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "जोशी, इकडे ये. आज मी वैतागलोय. लोक कुणाचंही टपाल माझ्याकडे पाठवतात."